राजकीय व्यवस्थापनाचे शिक्षण : एका अमेरिकन विद्यालयाची पार्श्वभूमी आणि भारतीय संदर्भ

प्रस्तावना

राज्यशास्त्र हा विषय आपल्या महाविद्यालयांतून अनेक दशके शिकविला जात आहे. राजकारण मात्र शिकण्याचा नव्हे तर करण्याचा विषय आहे, अशीच सर्वसाधारण समजूत राहिली. या समजुतीला छेद देणारी ‘ग्रॅज्युएट स्कूल ऑफ पोलिटिकल मॅनेजमेंट’ ही संस्था १९८७ साली न्यूयॉर्क येथे सुरू झाली. नील फॅब्रिकांट या वकिलाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या विद्यालयास न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाची स्वतंत्र सनद होती. पुढे ते वॉशिंग्टनला गेले आणि १९९५ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचा भाग झाले. असे विद्यालय त्याच सुमारास का निघाले, आणि आपल्याकडील राजकीय प्रशिक्षणाच्या जुन्या प्रयत्नांहून त्यामागील कल्पना कोठे वेगळी पडते, एवढ्याच दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यवसाय आधी, विद्यालय नंतर

निवडणूक प्रचार हा मोबदला घेऊन करावयाचा व्यवसाय होऊ शकतो, हे प्रथम दाखवून दिले ते कॅलिफोर्नियातील क्लेम व्हिटेकर आणि लिऑन बॅक्स्टर यांनी. त्यांची ‘कॅम्पेन्स, इन्कॉर्पोरेटेड’ ही संस्था १९३३ ची. पुढच्याच वर्षी कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राज्यपालपदासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या विरोधातील मोहिमेत या दोघांनी एक युक्ती योजली. सिंक्लेअर यांच्या कादंबऱ्यांतील पात्रांच्या तोंडची वाक्ये निवडून ती जणू लेखकाचीच मते आहेत अशा रीतीने वृत्तपत्रांतून छापली गेली. सिंक्लेअर पराभूत झाले. पुढे १९४९ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या राष्ट्रीय आरोग्य विमा योजनेविरुद्ध अमेरिकन वैद्यक संघटनेने याच जोडप्याला नेमले आणि ती योजनाही बारगळली. म्हणजे हे तंत्र आरंभापासूनच केवळ उमेदवारापुरते मर्यादित नव्हते. धोरणेही त्याच्या कक्षेत होती.

तरीही सुमारे तीन दशके हा व्यवसाय पक्षसंघटनेच्या कडेनेच वावरला. तो मध्यभागी आला तो १९६८ नंतर. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री यांना एकही प्राथमिक निवडणूक न लढविता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली. त्यावरून उसळलेल्या असंतोषातून मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला गेला आणि उमेदवार निवडण्याचा अधिकार पक्षातील मातब्बरांकडून मोठ्या प्रमाणावर प्राथमिक निवडणुकांतील मतदारांकडे गेला. सुधारणा लोकशाहीला धरूनच होती. परंतु आता प्रत्येक इच्छुकाला स्वपक्षीयांविरुद्धच प्रचार करावा लागे, आणि तेथे पक्षाची यंत्रणा त्याच्या कामी येत नसे. ती यंत्रणा त्याने बाजारातून विकत घेतली. राजकीय सल्लागारांची अमेरिकन संघटना १९६९ मध्ये स्थापन झाली, याला म्हणून महत्त्व आहे.

१९७४ च्या कायदेदुरुस्तीने यात भरच घातली. एका व्यक्तीने एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त एक हजार डॉलर द्यावेत, अशी मर्यादा आली. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या बकली खटल्यात देणगीवरील मर्यादा कायम ठेवली, खर्चावरील मात्र उठविली. खर्च अमर्याद आणि देणगी मर्यादित! अशा स्थितीत हजारो लहान देणगीदार शोधणे हेच एक शास्त्र बनले. रिचर्ड व्हिगरी यांच्यासारख्यांनी टपालाने निधी गोळा करण्याचे कौशल्य विकसित केले. जनमत चाचणी घेणारे उमेदवाराच्या सल्लामंडळात येऊन बसले. लॅरी सबॅटो यांचा या सल्लागारवर्गावरील ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला तेव्हा हा वर्ग पुरता स्थिरावला होता. पक्ष हेच कार्यकर्त्याचे विद्यालय असण्याचे दिवस सरले होते, आणि ती रिकामी जागा सहा वर्षांनी एका पदवीने घेतली.

अभ्यासक्रमात मोहिमेची आखणी, जनमत चाचणी, निधिसंकलन, राजकीय जाहिरात, लॉबिंग आणि व्यावसायिक नीती असे विषय होते. दीर्घकाळ अधिष्ठाता असलेले ख्रिस्तोफर आर्टरटन हे स्वतः राज्यशास्त्रज्ञ. अध्यापनात प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्यांचाही मोठा वाटा. दोन्ही पक्षांचे विद्यार्थी एकाच वर्गात शेजारी बसतात, ही गोष्ट संस्थेची तटस्थता म्हणून सांगितली जाते. ती खरीही आहे. तथापि तंत्र पक्षांविषयी तटस्थ असले, तरी ते ज्याला परवडते त्याच्याच हाती प्रथम जाते, हे व्हिटेकर-बॅक्स्टर यांच्या काळापासून दिसत आले आहे.

भारतीय संदर्भ

आपल्याकडे राजकारणाचे शिक्षण ही कल्पना याहून जुनी आहे. नामदार गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली, ती सार्वजनिक कार्यासाठी माणसे तयार करण्याकरिताच. सदस्याने पाच वर्षे अभ्यास व प्रवास करून तयारी करावी अशी योजना होती. त्याने घ्यावयाच्या प्रतिज्ञांपैकी एक अशी की, स्वतःसाठी द्रव्य मिळविण्यात तो आपली शक्ती खर्च करणार नाही; समाज जे देईल त्यात समाधान मानील. असहकाराच्या काळात अमेरिकेतील दीर्घ वास्तव्यानंतर परतलेल्या लाला लजपतराय यांनी लाहोरला टिळकांच्या नावे राजकारणाचे विद्यालय काढले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जुलै १९५६ पासून मुंबईत चालविलेले राजकारण-प्रवेशाचे प्रशिक्षण विद्यालय या संदर्भात विशेष लक्षणीय ठरते. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी होते. नियोजित रिपब्लिकन पक्षासाठी येथून माणसे मिळावीत, असा हेतू होता. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या सत्तेच्या दारातही उभे राहू दिले गेले नाही, त्याला ही विद्या घरातून मिळणे शक्य नव्हते. सवर्ण पुढाऱ्याच्या मुलाला ती न शिकताच येत असे. म्हणून येथे विद्यालयाची गरज पक्ष क्षीण झाल्यामुळे नव्हे, तर पक्ष अद्याप उभा राहावयाचा असल्यामुळे होती. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ते मार्च १९५७ पर्यंतच चालू शकले.

मुख्य भेद असा, की पुणे आणि मुंबई येथे जो स्वतः लोकांपुढे उभा राहणार आणि लोकांना जबाबदार असणार त्याला शिकविले जात होते. वॉशिंग्टनमध्ये प्रामुख्याने शिकविले जाते ते दुसऱ्याला उभे करणाऱ्याला. तो जबाबदार असतो आपल्या अशिलाला. दोन्ही शिक्षणांत वक्तृत्व असेल, आकडेवारी असेल. पण पराभवानंतर मतदारसंघात राहावयाचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर दोहोंत निराळे येते.

पुण्यात २००५ मध्ये एमआयटी स्कूल ऑफ गव्हर्न्मेंट सुरू झाले, तेव्हा त्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या नावात ‘राजकीय नेतृत्व’ हे शब्द होते. म्हणजे निदान नावापुरती तरी गोखले-आंबेडकरांचीच वाट. व्यावसायिक प्रचारव्यवस्थापन मात्र आपल्याकडे विद्यालयातून आले नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी प्रशांत किशोर यांच्या गटात अभियांत्रिकी व व्यवस्थापन शास्त्राचे अनेक तरुण पदवीधर होते. त्यातून २०१५ मध्ये ‘आय-पॅक’ ही संस्था उभी राहिली आणि परस्परविरोधी पक्षांनी तिची सेवा घेतली. पुढे किशोर यांनी बिहारमध्ये पदयात्रा काढून २ ऑक्टोबर २०२४ रोजी जन सुराज हा स्वतःचा पक्ष स्थापन केला. २०२५ च्या विधानसभा निवडणुकीत या पक्षाने बहुतेक सर्व जागा लढविल्या. एकही जागा त्याला मिळाली नाही. एका निवडणुकीवरून सिद्धांत मांडणे योग्य नव्हे. तरी इतरांना विजयी करण्याचे कौशल्य आणि स्वतः लोकांचा विश्वास संपादन करण्याचे कौशल्य एकच आहे असे धरून अभ्यासक्रम आखणाऱ्यांना या निकालाचा विचार करावाच लागेल.