आधीची जखम

दात्याच्या अस्थिमज्जेतून रुग्णाला नवं रक्त मिळतं, आणि त्याच मज्जेसोबत आलेल्या पेशी कधी रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यावर तुटून पडतात. डॉक्टर या आजाराला जीव्हीएचडी म्हणतात. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेल इथे बार्न्स आणि लाउटिट यांनी रक्तकर्करोग झालेल्या उंदरांना क्षकिरण देऊन परकी मज्जा दिली. कर्करोग हटला, पण उंदीर झिजून मेले. १९६६ मध्ये रूपर्ट बिलिंगहॅम यांनी या आजाराच्या तीन अटी मांडल्या: रोपात, म्हणजे दात्याच्या मज्जेत, लढू शकणाऱ्या पेशी हव्यात, यजमानाच्या, म्हणजे रुग्णाच्या, ऊती त्यांना परक्या वाटायला हव्यात आणि रोप परतवण्याची ताकद यजमानात नसावी. या अटी आजही टिकून आहेत. पण त्यांच्या प्रभावामुळे सगळं लक्ष दात्याच्या पेशींवर खिळलं. रोपणाच्या दिवशी रुग्णाचं शरीर कोणत्या अवस्थेत असतं, हा प्रश्न मागे पडला, आणि माझ्या मते या इतिहासातली सर्वांत महाग पडलेली चूक हीच.

रोपणाआधी रुग्णाला किरणोत्सर्ग किंवा जबर केमोथेरपी दिली जाते, आणि त्यात आतड्याचं अस्तर सोलवटून निघतं. ही जखम आजार वाढवते, याचा धागा १९७४ मध्येच हाती आला होता. नेदरलँड्समध्ये व्हान बेक्कुम यांच्या गटाने उंदरांच्या आतड्यातले जीवाणू बदलले, तर आजार सौम्य झाला. मज्जा तशीच परकी होती. फरक फक्त आतड्यात होता. पण कारण सांगायला भाषाच नव्हती, कारण पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते रेणू, म्हणजे सायटोकाइन, तेव्हा कुठे एकेक करून सापडत होते. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर १९७५ मध्ये न्यूयॉर्कला सापडला; पुढे इंटरल्यूकिन-२ म्हणून ओळखला गेलेला रेणू १९७६ मध्ये. १९८७ मध्ये जिनिव्हातल्या पिगे आणि सहकाऱ्यांनी उंदरांत ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरला प्रतिपिंडाने अडवलं आणि त्वचेची, आतड्याची हानी टळली. दाता परकाच राहिला, निरोप तेवढा अडला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये मज्जारोपण सुरू झालं, तेव्हा ही साखळी जुळायची होती. ती जुळवली १९९० च्या दशकाच्या आरंभी बोस्टनच्या अँटिन आणि फेरारा यांनी: जखमी आतडं सायटोकाइन सोडतं, फाटलेल्या अस्तरातून जीवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, आणि दात्याच्या लढाऊ पेशी, म्हणजे टी-पेशी, उतरतात त्या आधीच पेटलेल्या शरीरात. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेला ‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा शब्द फेरारा यांच्या १९९३ च्या जीव्हीएचडीवरील निबंधाच्या शीर्षकात आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की दात्याच्या टी-पेशी काढून टाकल्या तर हा आजार फारसा होतच नाही. मग दोष त्यांचाच. टी-पेशींशिवाय हा आजार नाही, हे मान्य. पण त्या काढल्या की रक्तकर्करोग उलटण्याचं प्रमाण वाढलं, कारण त्याला मारणाऱ्याही त्याच. दुसरं असं, की त्याच जातीच्या पेशी रोपणानंतर काही आठवड्यांनी, जखमा भरल्यावर दिल्या, तर उंदरांना त्या कितीतरी अधिक सोसल्या. म्हणजे पेशी हव्यातच, पण त्या किती चवताळतील हे शरीराच्या अवस्थेवरही ठरतं. खरा कठीण आक्षेप २००२ मधला आहे. इंटरल्यूकिन-१ ला रोपणाच्या काळात रोखणाऱ्या औषधाची रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि जीव्हीएचडी टळला नाही. एका रेणूला गुन्हेगार ठरवण्याचा सोपा मार्ग इथे बंद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. एक निरोप्या अडवला तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो. शिवाय एकच रेणू लढाई पेटवतो आणि शमवतोही: सायक्लोस्पोरिन हे औषध ज्या इंटरल्यूकिन-२ चं उत्पादन दाबतं, तोच अल्प मात्रेत देऊन बोस्टनच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये दीर्घकालीन जीव्हीएचडीच्या काही रुग्णांना आराम मिळवून दिला, कारण त्या मात्रेत तो लढाई शमवणाऱ्या नियामक पेशी वाढवतो.

म्हणून उपाय अनेक निरोपांच्या सामाईक वाटेवर शोधावा लागला. इंटरफेरॉन-गॅमा, इंटरल्यूकिन-६ यांसारख्या कितीतरी रेणूंचे निरोप पेशीच्या आत जेएके नावाच्या विकरांमार्फत पोचतात. ती वाट अडवणारं रुक्सोलिटिनिब २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. स्टिरॉइडला न जुमानणाऱ्या तीव्र जीव्हीएचडीसाठी तिथे मंजुरी मिळालेलं ते पहिलं औषध.