मुंबई विद्यापीठातील ग्रंथालये आणि प्राध्यापक वाचक : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विद्यापीठांच्या इतिहासात कुलगुरू, इमारती, परीक्षा आणि पदव्या यांची नोंद विस्ताराने होते. प्राध्यापक पुस्तकासाठी कोठे जात होते, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. वास्तविक अध्यापन व संशोधनाचा दर्जा बऱ्याच अंशी या साध्या प्रश्नाशी निगडित असतो. प्रस्तुत लेखात मुंबई विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय, विभागांचे ग्रंथसंग्रह आणि कालिना परिसरातील ग्रंथालय यांच्या वाटचालीचा प्राध्यापक-वाचकाच्या दृष्टीने विचार केला आहे. शाखा ग्रंथालये संशोधनाच्या गरजेतून निर्माण झाली. परंतु त्यांच्यामुळे प्राध्यापकाचे वाचन जवळच्या कपाटापुरते सीमित होण्याचा धोकाही निर्माण झाला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. परीक्षा घेणारे विद्यापीठ आणि त्याचे ग्रंथालय

इ.स. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारे व पदव्या देणारे विद्यापीठ होते. अध्यापन महाविद्यालयांत चाले. इ.स. १८६४ मध्ये प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या स्मरणार्थ मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये देऊ केले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १८६९ मध्ये सुरू झालेले हे बांधकाम १८७८ मध्ये पूर्ण झाले.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. भव्य ग्रंथालय उभे राहिले, त्या वेळी विद्यापीठाला स्वतःचा अध्यापक वर्गच नव्हता. एल्फिन्स्टन किंवा विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकाला दैनंदिन अध्यापनासाठी आपल्या महाविद्यालयाचा संग्रह जवळचा होता. प्राच्यविद्येच्या अभ्यासकाला टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय उपलब्ध होते. म्हणजे मुंबईतील अध्यापकाला अनेक ग्रंथालयांतून वाचण्याची सवय विद्यापीठीय विभाग निर्माण होण्यापूर्वीपासूनच होती.

२. विभागांचा उदय

१९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना प्राध्यापक नेमण्याचा, तसेच ग्रंथालये व प्रयोगशाळा उभारून चालविण्याचा अधिकार दिला. अध्यापक आणि ग्रंथालय एकाच कलमात यावेत, हे सूचक आहे. मुंबईत या अधिकाराला मूर्त रूप येण्यास काही काळ लागला. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचे अध्यापन सुरू झाले. पाठोपाठ अर्थशास्त्राचा विभाग आला. १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग स्थापन झाला आणि पुढील दशकात तो माटुंग्याला गेला.

या दोन प्रकारच्या विभागांच्या ग्रंथविषयक गरजा भिन्न होत्या. रसायनशास्त्रज्ञाला प्रयोग चालू असतानाच एखाद्या संयुगाची पूर्वनोंद पाहावी लागते. त्यामुळे संदर्भसूची व नियतकालिकांचे जुने खंड प्रयोगशाळेच्या लगत असणे ही त्याची निकड असते. माटुंग्याहून फोर्टात जाऊन एक नोंद पाहणे म्हणजे अर्धा दिवस खर्च करणे होय. विज्ञान व तंत्रज्ञानाच्या विभागांनी स्वतंत्र ग्रंथालयाचा आग्रह धरला, त्यामागे हे व्यावहारिक कारण होते.

सामाजिक शास्त्रांची स्थिती निराळी होती. १९२४ पासून समाजशास्त्र विभागाची धुरा सांभाळणाऱ्या गो. स. घुर्ये यांचा जाती व वंश यांवरील ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संस्कृत ग्रंथांतील पुरावा, जनगणनेचे अहवाल आणि मानववंशशास्त्रीय साहित्य यांचा एकत्र वापर आहे. असा ग्रंथ एका विषयाच्या कपाटातून सिद्ध होत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचेही तसेच आहे. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेले हे खंड इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि भूगोल या सर्वांना लागतात. ते कोणत्या विभागात ठेवावेत, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. प्रत्येक विभागाने संच घेतल्यास खर्च वाढतो. एकानेच घेतल्यास इतरांना तो परका होतो.

मध्यवर्ती ग्रंथालयाचे महत्त्व या काळात कमी झाले नाही. अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९३५ मध्ये, तर गो. वि. देवस्थळी यांनी केलेली संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची सूची १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. या दशकात ग्रंथपालपदी असलेले पी. एम. जोशी स्वतः दख्खनच्या इतिहासाचे अभ्यासक होते. सूची छापली गेली की संग्रह त्या इमारतीपुरता राहत नाही. दूरच्या अभ्यासकालाही तो आपला वाटू लागतो.

३. फोर्ट ते कालिना

१९७० च्या दशकात पदव्युत्तर विभाग क्रमाने कालिना येथील विद्यानगरीत स्थिरावले आणि तेथे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय उभे राहिले. विस्ताराच्या दृष्टीने हे स्थलांतर अटळ होते. ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने मात्र विद्यापीठाची दोन केंद्रे झाली आणि त्यांच्यात सुमारे वीस किलोमीटरचे अंतर पडले. रानडे भवनात अध्यापन करणाऱ्या इतिहासाच्या प्राध्यापकाला चालू ग्रंथ परिसरात मिळू लागले. हस्तलिखिते, तसेच एशियाटिकमधील दुर्मीळ साहित्य मात्र दक्षिण मुंबईत राहिले. पूर्वी दोन व्याख्यानांच्या मधल्या वेळेत होणारे काम सुटीच्या दिवसासाठी राखून ठेवावे लागले.

पुण्याशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे १९४९ मध्ये विद्यापीठाचे कार्य सुरू झाले, तेव्हा भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, डेक्कन कॉलेज आणि गोखले अर्थशास्त्र संस्था यांचे विशेष संग्रह आधीपासूनच अस्तित्वात होते. जयकर ग्रंथालय त्यांच्या नंतर आले. मुंबईत मध्यवर्ती ग्रंथालय आधी आणि शाखा नंतर. पुण्यात विशेष ग्रंथालये आधी आणि मध्यवर्ती ग्रंथालय नंतर. क्रम उलट असला तरी प्राध्यापकाची अडचण एकच होती : हवा असलेला ग्रंथ शहरात आहे, पण नेमका कोठे आहे, हे एका ठिकाणी कळत नव्हते.

४. वाचकाचा वेळ

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. त्यांच्या अध्यक्षतेखाली १९५७ मध्ये नेमलेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ग्रंथालय समितीने ग्रंथखरेदीसाठी प्रतिविद्यार्थी १५ रुपये व प्रतिशिक्षक २०० रुपये असे सूत्र सुचविले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हे प्रमाण अनुक्रमे २५ व ३०० रुपये असे सुचविले. विद्यार्थ्याच्या बारा-तेरा पट तरतूद शिक्षकासाठी सुचविण्यात शिक्षक हा संशोधक-वाचक असल्याची मान्यता अभिप्रेत होती.

तथापि विभागीय ग्रंथालयाचा प्रश्न केवळ निधीने सुटत नाही. विभागाचा संग्रह प्राध्यापकांच्या शिफारशींतून वाढतो, म्हणून तो नेमका व उपयुक्त असतो. त्याच कारणाने तो व्यक्तिनिष्ठही असतो. एखादा अभ्यासक निवृत्त झाला की त्याने जोपासलेला विषय खुंटतो, आणि दीर्घकाळ खोलीत राहिलेली पुस्तके देवघेवीच्या बाहेर जातात. प्रशिक्षित कर्मचारी नसल्यास त्यांचे वर्गीकरणही होत नाही.

५. संगणकीय युग

१९९१ मध्ये सुरू झालेला इन्फ्लिबनेट प्रकल्प, महाविद्यालयांसाठीची एन-लिस्ट योजना आणि जानेवारी २०२५ पासून शासकीय उच्च शिक्षण संस्थांसाठी लागू झालेली ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना यांमुळे इंग्रजी नियतकालिकांच्या बाबतीत शाखा आणि मध्यवर्ती हा भेद जवळजवळ संपला आहे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला आता कपाटापर्यंतही जावे लागत नाही. मराठी, इतिहास व समाजशास्त्राच्या प्राध्यापकाची स्थिती मात्र तशी नाही. जुनी मराठी नियतकालिके, स्थानिक अहवाल, पूर्वीचे टंकलिखित प्रबंध यांतील फार मोठा भाग अद्याप कागदावरच आहे. जागेच्या टंचाईमुळे विभागांचे संग्रह कमी करण्याचा विचार होतो, तेव्हा प्रथम हेच साहित्य अडगळ ठरते. ज्याची नोंद कोणत्याही सामाईक तालिकेत नाही, ते नाहीसे झाले तरी त्याची दखल घेतली जात नाही.

निष्कर्ष

मध्यवर्ती ग्रंथालय की विभागीय ग्रंथालय, हा वाद दीड शतकाच्या अनुभवाने अपुरा ठरविला आहे. प्रयोगशाळेला जवळचे कपाट हवे, आंतरविद्याशाखीय अभ्यासाला सर्व कपाटांची वाट मोकळी हवी. दोन्ही गरजा साधणारी गोष्ट म्हणजे सर्व विभागांच्या संग्रहांची एकत्रित, अद्ययावत व सर्वांस खुली तालिका होय. संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापकाला तिचे महत्त्व सर्वाधिक आहे. कारण तो विद्यापीठाचा शिक्षक असूनही परिसरातील कोणत्याही विभागाचा सदस्य नसतो. विभागाच्या बंद कपाटात काय आहे हे त्याला कळण्याचा तालिका हाच एक मार्ग आहे. यास्तव कोणताही विभागीय संग्रह हलविण्यापूर्वी अथवा कमी करण्यापूर्वी त्याची संपूर्ण नोंद करणे विद्यापीठांनी बंधनकारक करावे, आणि त्या नोंदीच्या कामात संबंधित विषयाच्या प्राध्यापकांनी ग्रंथपालांना साहाय्य करावे, असे सुचवावेसे वाटते.