कारच्या विम्याचा इतिहास : पैसे नेमके कुठे वाचतात?

रिन्यूअलचा मेसेज आला की आपण मोबाइलवर चार अ‍ॅप उघडतो आणि सगळ्यात छोटा आकडा शोधतो. मी मोताळ्याचा, कोडिंग करून पोट भरतो. कुठलाही आकडा दिसला की त्यामागचं लॉजिक बघायची खोड आहे मला. आज तेच बघू.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात थर्ड पार्टी विम्याची सक्ती आली, पण ती लागू झाली १ जुलै १९४६ ला. तेव्हा आपला बुलढाणा जिल्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. इंग्लंडने हेच १९३० च्या कायद्याने केलं होतं. कल्पना साधी आहे. गाडी तुमची, पण धडक बसते रस्त्यावरच्या माणसाला. त्याची भरपाई तुमच्या खिशाच्या भरवशावर राहू नये.

पुढे १ जानेवारी १९७३ ला १०७ विमा कंपन्या चार सरकारी कंपन्यांत आल्या. दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये मुंबईत काढलेली न्यू इंडिया त्यातलीच एक. दर ठरायचे टॅरिफने, घासाघीस नाही. २००२ च्या टॅरिफमध्ये कारसाठी देशाचे दोन झोन होते. मुंबई-पुणे धरून आठ शहरं ‘अ’मध्ये, मोताळा ‘ब’मध्ये. १००० सीसीपर्यंतच्या, पाच वर्षांच्या आतल्या कारला ‘अ’मध्ये ३.१२७ टक्के आणि ‘ब’मध्ये ३.०३९ टक्के. चार लाखांच्या कारवर फरक किती? ३५२ रुपये! एमएच-२८ पाटीचा फायदा तेवढाच.

१ जानेवारी २००७ ला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, म्हणजे ओन डॅमेजचे दर खुले झाले. थर्ड पार्टीचे मात्र सरकारच ठरवतं. जून २०२२ च्या दरांप्रमाणे कारला १००० सीसीपर्यंत २,०९४, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, सगळ्या कंपन्यांत सारखेच. म्हणजे तुलना करायची ती ओन डॅमेजचीच.

इथे खरा हुकमी पत्ता नो क्लेम बोनस. क्लेम केला नाही तर २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट. आता हिशोब करा. ओन डॅमेज ८,००० असेल तर ५० टक्क्यांवर ४,००० वाचतात. बंपरच्या ३,००० च्या कामासाठी क्लेम केलात, तर त्यातले हजार अनिवार्य कपातीत जातात. हातात दोन हजार, आणि पुढच्या वर्षी चार हजार जास्त. वर पुन्हा शून्यापासून चढायचं.

हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी कार विकली तर तो नव्या कारला लावून घ्या. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केली नाही, तर बोनस गेला. आणि प्रीमियम कमी दिसावा म्हणून गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, खाली ओढू नका. गाडी चोरीला गेली तर हिशोब त्याच आकड्यावर होतो.

काही जण तर थर्ड पार्टीच टाळतात. दंड पहिल्यांदा २,००० रुपये, तो परवडेल हो. पण मलकापूर-बुलढाणा रस्त्यावर कुणाचा जीव गेला आणि विमा नसला, तर न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाच्याच अंगावर येते. त्यात शेतही जाऊ शकतं. आणि मालकाकडे काहीच नसेल, तर मेलेल्याच्या घरच्यांच्या हाती नुसता कागद. १९४६ ची सक्ती त्यांच्यासाठी होती. बचत करा, पण ओन डॅमेजमध्ये. त्यांच्या वाट्याला हात लावू नका.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर पॉलिसी उघडा आणि बोनसचा रकाना बघा!