टॉर्क कन्व्हर्टरचे लॉकअप आणि चालकाचे नियंत्रण : कोल्हापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
कोल्हापूरचा औद्योगिक इतिहास म्हटला की ऑईल इंजिन आणि फौंड्री या दोन गोष्टी प्रथम डोळ्यांसमोर येतात. इंजिनात निर्माण झालेली शक्ती चाकापर्यंत कशी पोहोचते, वाटेत ती किती वाया जाते आणि तिच्यावर ताबा कोणाचा असतो, या प्रश्नांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष जाते. स्वयंचलित गिअरपेटीतील टॉर्क कन्व्हर्टरचे लॉकअप चालकाच्या हाती देणारा स्विच हे या प्रश्नांचे एक बोलके उदाहरण आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

कोल्हापुरातील पार्श्वभूमी :
पंचगंगेच्या खोऱ्यातील गुऱ्हाळांवर ऑईल इंजिनाची शक्ती पट्ट्याने उसाच्या चरकापर्यंत नेली जात असे. पट्टा घसरू लागला की इंजिन पूर्ण वेगाने फिरत असूनही चरक मंदावतो आणि पुली तापते. घसरण म्हणजे शक्तीचा व्यय आणि व्यय म्हणजे उष्णता, हा धडा येथील कारागिरांना पुस्तकाविना मिळाला. म्हादबा मेस्त्री व वाय. पी. पोवार यांची नावे ज्या परंपरेत आदराने घेतली जातात, ती शिवाजी उद्यमनगरची परंपरा अशाच अनुभवावर उभी राहिली.

याच शहरात छत्रपती राजाराम महाराजांच्या (राज्यकाल १९२२ ते १९४०) काळातील मेबॅक मोटार शाही दसऱ्याच्या सोहळ्यामुळे लोकांच्या परिचयाची झाली. मेबॅक कंपनीच्या १९३० च्या दशकातील अनेक मोटारींत सुकाणूचक्राजवळील छोट्या दांड्यांनी गिअर निवडला जाई व प्रत्यक्ष बदल निर्वात दाबाच्या साहाय्याने होई. निर्णय माणसाचा आणि श्रम यंत्राचे, अशी ती विभागणी होती. पुढील स्वयंचलित गिअरपेट्यांनी निर्णयही यंत्राकडे सोपविला.

टॉर्क कन्व्हर्टर आणि लॉकअप :
जर्मन अभियंता हेरमान फॉटिंगर याने १९०५ मध्ये द्रवाद्वारे शक्तिवहन करण्याच्या यंत्रणेचे पेटंट घेतले. जहाजातील वाफेच्या टर्बाइनचा वेग पंख्याला मानवेल इतका कमी करणे हा त्याचा मूळ हेतू होता. मोटारीतील टॉर्क कन्व्हर्टर याच तत्त्वावर चालतो. इंजिनाने फिरणारा पंप तेल फेकतो, त्या तेलाने टर्बाइन फिरते आणि मधला स्टेटर तेलाची दिशा वळवून सुरुवातीचा जोर वाढवितो. मात्र वेग वाढल्यावरही पंप व टर्बाइन यांच्यात थोडी घसरण उरतेच. अमेरिकेत १९४८ मध्ये ब्यूइकची डायनाफ्लो गिअरपेटी आली, तेव्हा तिच्या सुखद चालीबरोबर हा दोषही आला.

त्यावरील उपाय पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्ये अल्ट्रामॅटिक गिअरपेटीत योजिला. ठरावीक वेगानंतर एक क्लच दोन्ही भागांना यांत्रिकरीत्या जखडून टाकी व घसरण थांबे. यालाच लॉकअप म्हणतात. परंतु पेट्रोल स्वस्त असलेल्या त्या काळात ही खर्चिक सोय मागे पडली. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनबचतीला महत्त्व आले, तेव्हा क्रायस्लरने १९७८ च्या मोटारींत लॉकअप पुन्हा आणले. त्याचे नियंत्रण तेलाच्या दाबाने होत असे. १९८० च्या सुमारास जनरल मोटर्सने त्या जागी विजेवर चालणारा सोलेनॉइड वापरला.

हा बदल निर्णायक ठरला. तेलाच्या वाटा पेटीच्या आत बंद असतात, पण सोलेनॉइडची तार पेटीबाहेर येते. त्यामुळे चालकाला स्वतःच्या निर्णयासाठी वाट मोकळी झाली.

स्विचची जोडणी व तिच्या मर्यादा :
जोडणीचे तत्त्व साधे आहे. इग्निशन चालू असतानाच मिळणारा १२ व्होल्टचा प्रवाह प्रथम फ्यूजमधून, मग हाताच्या स्विचमधून आणि त्यानंतर ब्रेकच्या पायपट्टीवरील स्विचमधून सोलेनॉइडकडे नेला जातो. ब्रेकचा हा स्विच एरवी जोडलेला असतो आणि पट्टी दाबताच प्रवाह तोडतो. तो गाळल्यास थांबताना लॉकअप सुटत नाही आणि क्लच न दाबता थांबविलेल्या गाडीप्रमाणे इंजिन धक्का खाऊन बंद पडते. कमी वेगात व जड भाराखाली लॉकअप लावल्यास क्लचचे अस्तर झिजते. ज्या गाड्यांत संगणक सोलेनॉइडला खंडित स्पंदांनी प्रवाह देतो, तेथे अशी थेट जोडणी योग्य नव्हे.

कोल्हापूरहून कोकणात उतरणारे आंबा, करूळ व फोंडा हे घाट या स्विचचे मोल आणि मर्यादा दोन्ही दाखवितात. चढावर स्वयंचलित नियंत्रण कधी लॉकअप लावते, कधी सोडते. या धरसोडीत तेल तापते. इंजिनाला पुरेसा वेग असेल, तर चालक लॉकअप कायम ठेवून ही उष्णता टाळू शकतो. पुढचे वळण त्याला दिसते, यंत्राला दिसत नाही. उतारावर मात्र ब्रेकला पाय लागताच लॉकअप सुटते. म्हणून तेथे खालच्या गिअरचाच आधार घ्यावा लागतो व स्विचवर भरवसा ठेवून चालत नाही.

निष्कर्ष :
शक्तिवहनाच्या या इतिहासात द्रवाची मृदुता आणि धातूची घट्ट पकड यांचा मेळ पुन्हा पुन्हा घालावा लागला. हाताचा स्विच म्हणजे स्वयंचलनाला नकार नव्हे. यंत्राचा अंदाज अपुरा पडतो तेथे माणसाने स्वतःकडे राखून ठेवलेला तो अधिकार आहे. मात्र घसरण केव्हा थांबवावी आणि केव्हा राहू द्यावी, हे ज्याला कळते त्याच्याच हाती तो अधिकार सुरक्षित राहतो. पट्ट्याच्या आवाजावरून त्याची घसरण ओळखणाऱ्या कोल्हापूरच्या कारागिराला हे ज्ञान नवे नव्हते.