डेस्कटॉप परिवेश, लिनक्सवरील
संगणकाच्या पडद्यावर खिडक्या, चित्रखुणा व आज्ञायादी पुरविणारा कार्यक्रमसंच. लिनक्समध्ये तो प्रणालीच्या गाभ्यापासून अलग असल्याने एकाच संगणकावर अनेक परिवेश ठेवून प्रवेशसमयी हवा तो निवडता येतो. फायली त्याच राहतात. माटियास एट्रिश यांनी १९९६ मध्ये केडीई प्रकल्प जाहीर केला. त्याला आधारभूत असलेल्या क्यूटी संग्रहाचा परवाना तेव्हा पूर्णतः मुक्त नसल्याने १९९७ मध्ये मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना यांनी ग्नोम आरंभिला. या द्वैताचा परिणाम मराठीवरही झाला. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठविली जाते, पण पडद्यावर आधी दाखवावी लागते. जोडाक्षरेही जुळवावी लागतात. हे कार्य ग्नोममध्ये पँगो, तर केडीईमध्ये क्यूटी करीत असे. त्यामुळे परिवेश बदलताच तोच मराठी मजकूर सदोष दिसण्याचा संभव होता. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्राने इंडिक्स प्रकल्पात ही सोय परिवेशाखालील एक्स विंडो स्तरावर आणण्याचा प्रयत्न केला. हे केंद्र पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले. कालांतराने पँगो व क्यूटी या दोहोंनी हार्फबझ हा अक्षरजुळणीचा सामायिक संग्रह स्वीकारला. लिपीची जुळणी अशी समान झाल्यावरच परिवेश निवडण्याचे स्वातंत्र्य मराठी वाचकास खऱ्या अर्थाने लाभले.