जुनी गाडी घरी दुरुस्त करता येते, मग घरी वाइन का करता येत नाही?

जळगाव शहराचाच भाग झालेलं पिंप्राळा आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी ओळखलं जातं. पण पिंप्राळा असो की पुणे, रिकाम्या वेळात अंगणात खुडबुड करणारा माणूस प्रत्येक गल्लीत सापडतोच. कुणी जुन्या लाकडाचं टेबल करतं, कुणी बंद पडलेली फियाट उघडून बसतं. आता त्यात रील्सची भर पडली आहे. ‘जुन्या गाडीची जीप करा’, ‘द्राक्षांपासून घरच्या घरी वाइन करा’ असे व्हिडिओ रोज समोर येतात. यातलं काय बिनधास्त करता येतं आणि कशामुळे पोलीस दारात येऊ शकतात, ते पाहू.

गाडी दुरुस्त करायला परवानगी लागते का?

नाही. स्वतःची गाडी स्वतः उघडायला, ब्रेक, क्लच किंवा कार्ब्युरेटर दुरुस्त करायला कुणालाही विचारावं लागत नाही. जुन्या गाड्या यासाठी सोयीच्याही आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी घ्या. तिच्या साध्या पेट्रोल इंजिनात ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. पान्हे, फीलर गेज आणि थोडा संयम असेल, तर बरंच काम घरी होतं.

दोन गोष्टी मात्र जिवावर बेतू शकतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नये, खाली पक्के स्टँड लावावेत. आणि शटर बंद करून इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे तो कोंडल्याचं कळतही नाही.

मग कायदा कुठे आडवा येतो?

दुरुस्ती वेगळी आणि बदल वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, असं स्पष्ट केलं. इंजिन किंवा रंग बदलला, सीएनजी किट बसवलं, तर त्याची नोंद आरटीओकडे करावी लागते. बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

याचं गाजलेलं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचं. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप तयार केली. खर्च आला साधारण ६० हजार. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, हेही सांगितलं. त्यांनी त्या जीपच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळालीही. कसब कितीही मोठं असलं तरी त्यामुळे गाडीची नोंदणी होत नाही, ती एवढ्याचसाठी.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. पण ती रॅली, प्रदर्शन किंवा दुरुस्तीसाठीच बाहेर काढायची, रोज बाजाराला न्यायची नाही.

आणि घरची वाइन?

इथे मामला एकदम बदलतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्यातल्या मद्याच्या व्याख्येत वाइन, बिअर, ताडी, इतकंच काय, अल्कोहोल असलेला कोणताही द्रव येतो. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा कलम ६५ खाली गुन्हा असून त्याला तुरुंगवास आणि दंड आहे. विकण्यासाठी केली की घरी पिण्यासाठी, एक बरणी की दहा, याने फरक पडत नाही. नाशिकच्या वायनरी चालतात त्या परवान्यावर.

मग व्हिडिओत लोक उघडपणे वाइन कशी करतात? कारण बरेच व्हिडिओ परदेशातले असतात. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानुसार एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर वाइन घरच्या वापरासाठी करता येते. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. फार लांब कशाला, सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्या वापरापुरती मोहाची दारू गाळायला मर्यादित सूट आहे. जळगाव, धुळ्याच्या बाजूला तशी सूट नाही.

घरची वाइन विषारी होते का?

या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. फळातली साखर यीस्ट खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे झालं आंबवणं. यात मिथेनॉल अगदी थोडं असतं. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरहून जास्त माणसं गेली, ती औद्योगिक मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. आंबवताना खरा धोका असतो तो वायू कोंडून बाटली फुटण्याचा. भट्टीवर गाळण्यात आगीचा धोका वेगळाच. पण वाइन विषारी नाही म्हणून ती कायदेशीर ठरत नाही.

थोडक्यात

गाडी उघडा, जोडा, पुन्हा चालू करा. मूळ रचना बदलण्याआधी आरटीओत विचारा. वाइनचा व्हिडिओ मात्र बघा आणि सोडून द्या. तो जिथे शूट झाला, तिथला कायदा तुमच्या अंगणात चालत नाही.