घशातील जंतू, रक्तातील गुठळी

घसा धरून ताप आणणारा ‘स्ट्रेप्टोकॉकस’ हा जंतू आणि हृदयविकाराच्या झटक्यावर दिले जाणारे ‘स्ट्रेप्टोकायनेज’ हे औषध यांचे नाते केवळ नावाचे नाही. हे औषध म्हणजे त्या जंतूनेच स्रवलेले प्रथिन होय. गुठळी मात्र ते स्वतः विरघळवत नाही. ते काम ते रुग्णाच्याच रक्तातील विकराकडून करवून घेते.

जखमेतून वाहणारे रक्त थांबते ते फायब्रिन या तंतूंच्या जाळ्यामुळे. काम संपल्यावर हे जाळे तोडण्याची सोयही शरीरात आहे. ‘प्लाझ्मिन’ हे ते विकर. ते मोकळे फिरू लागले तर रक्तस्राव ओढवेल, म्हणून यकृत ते ‘प्लाझ्मिनोजेन’ या निद्रिस्त रूपात तयार करते. एरवी या प्रथिनाची साखळी एका ठरावीक जागी कापली गेली, तरच ते जागे होते. स्ट्रेप्टोकायनेजची युक्ती निराळी आहे. 414 अमिनो आम्लांच्या या प्रथिनाचे आरंभीचे टोक प्लाझ्मिनोजेनमधील एका खोबणीत शिरते आणि साखळी न कापताच ते विकर कार्यक्षम होते. मग ही जोडगोळी भोवतालचे इतर प्लाझ्मिनोजेन रेणू कापत सुटते. प्लाझ्मिनला आवर घालणारे शरीरातील प्रथिनही या जोडगोळीला रोखू शकत नाही.

जंतूचा यात स्वार्थ आहे. संसर्ग पसरू नये म्हणून शरीर त्याच्याभोवती फायब्रिनचे कुंपण घालते. ते त्याला मोडावयाचे असते. माणसात आढळणाऱ्या या जंतूचे प्रथिन मानवी प्लाझ्मिनोजेनवर चालते, उंदराच्या प्लाझ्मिनोजेनवर जवळजवळ नाहीच. 2004 मध्ये अमेरिकी संशोधकांनी मानवी प्लाझ्मिनोजेन असलेले उंदीर तयार केले, तेव्हा ते या संसर्गाला सहज बळी पडू लागले. स्टॅफिलोकॉकस या जंतूचे ‘स्टॅफिलोकायनेज’ अधिक काटेकोर असून ते मुख्यतः गुठळीच्या ठिकाणीच प्रभावी ठरते.

अमेरिकेतील विल्यम टिलेट आणि आर. एल. गार्नर यांनी 1933 मध्ये जंतूंचा हा गुण नोंदवला. परंतु औषधाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती 1986 मध्ये, इटलीतील ‘जिसी’ चाचणीने. साडेअकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या या चाचणीत 21 दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण 13 टक्क्यांवरून 10.7 टक्क्यांवर आले. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांमध्ये तर मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. 1988 च्या ‘आयसिस-2’ चाचणीत ॲस्पिरिनची जोड मिळताच पाच आठवड्यांतील मृत्यू 13.2 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर उतरले. ॲस्पिरिनसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोळीने एवढे साधावे, हे त्या काळी अनेकांना नवलाचे वाटले असल्यास आश्चर्य नाही!

भारतात हे औषध देशी तंत्राने बनवण्याचे श्रेय चंडीगढच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेकडे जाते. डॉ. गिरीश साहनी यांच्या चमूने आधी नैसर्गिक आणि नंतर जनुकीय तंत्राने तयार केलेले स्ट्रेप्टोकायनेज विकसित केले. साहनी यांचे 2024 मध्ये निधन झाले. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीचे ‘टेनेक्टेप्लेज’ या औषधाचे मूळ मात्र जंतूत नसून मानवी प्रथिनात आहे. स्ट्रेप्टोकायनेजचे 15 लाख एकक शिरेतून साधारण तासभर सोडावे लागतात, तर टेनेक्टेप्लेज एकाच इंजेक्शनात दिले जाते. ते महाग पडते.

हा फरक लासूर स्टेशनसारख्या गावी महत्त्वाचा ठरतो. गंगापूर तालुक्यातील, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील ही बाजारपेठ छत्रपती संभाजीनगरपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. अंतर फार नाही. पण वाहन मिळणे, ईसीजी निघणे, शहरातील कॅथलॅब सज्ज होणे यांतच वेळ जातो. निदानानंतर दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल आणि दुखणे सुरू होऊन बारा तास उलटले नसतील, तर गुठळी विरघळवणारे औषध आधी द्यावे, असा वैद्यकीय दंडक आहे. त्यानंतरही रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवावेच लागते. तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्यांना जोडण्याचा प्रयोग झाला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार वर्षभरातील मृत्यू 17.6 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर आले.

औषधाला धोकेही आहेत. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेल्यास किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्यास ते देत नाहीत. रक्तदाब उतरू शकतो, अंगावर पित्त उठू शकते. शिवाय प्रथिन जंतूचे असल्याने शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे एकदा स्ट्रेप्टोकायनेज घेतलेल्या रुग्णाला पुढच्या झटक्यात ते पुन्हा देत नाहीत, दुसरे औषध निवडतात. कोणते औषध केव्हा दिले होते, हे लिहिलेला डिस्चार्जचा कागद घरात जपून ठेवावा तो यासाठीच.